जुन्या वस्तीत नवी घरं

संपादक महोदय,

जुन्या ऐतिहासिक वस्तीत नवीन घरं बांधायची म्हटलं की लोक लगेच दोन गटात विभागतात, एक म्हणतात सगळं हुबेहूब जुन्यासारखंच करा, दुसऱ्यांना काचेची बिल्डिंग हवी, आणि या भांडणात तिथे राहणार कोण हे कोणी विचारतच नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये महायुद्धात नष्ट झालेल्या जुन्या भागात २०१८ पर्यंत ३५ इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या १५ मूळ घरांसारख्या आणि बाकी २० नव्या डिझाइनच्या, पण अरुंद दर्शनी भाग, उतरती छपरं हे सगळं सांभाळून. खर्चावरून तिथे बरीच टीका झाली ती वेगळी.

मला वाटतं वस्तीचं रूप नक्षीकामापेक्षा मापांवर ठरतं, म्हणजे प्लॉटची रुंदी, मजल्यांची उंची, दारं थेट गल्लीत उघडतात का. चार प्लॉट एकत्र करून खाली पार्किंग आणि वर फ्लॅट काढले की वरून कितीही लाकडी खांब चिकटवा, गल्ली मेलेलीच राहते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतसुद्धा म्हटलंय की ऐतिहासिक वास्तूत काही नवीन जोडावंच लागलं तर त्यावर आजच्या काळाची छाप दिसू दे. नक्कल करू नका, पण शेजारच्या घराची उंची तरी बघा ना!

आणि आधीच्या भाडेकरूंना तिथेच परवडणारी घरं देण्याची अट परवानगीतच लेखी घाला, बांधकाम झाल्यावर कोणी ऐकत नाही.

– एक वाचक