बाबांच्या गोळ्या, पेज आणि पोटातले जंतू

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेसाठी, दिलेल्या मेसालामिनच्या गोळ्या बाबांनी स्वतःच निम्म्यावर आणल्या आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘चांगल्या जंतूं’च्या कॅप्सुल सुरू केल्या, असं आई म्हणाली. म्हणून हे सगळं लिहून पाठवते. फोनवर बाबा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात.

बाबा, या दुखण्याचा पोटातल्या जंतूंशी संबंध आहे, हे खोटं नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट नावाच्या आम्लातून घेतात आणि ते आम्ल तिथले जंतू आपल्याला न पचलेल्या चोथ्यापासून तयार करतात. तुमच्यासारख्या दुखण्यात ब्युटिरेट करणारे जंतू, उदाहरणार्थ फिकॅलिबॅक्टेरियम, कमी झालेले आढळतात. मात्र जंतू घटले म्हणून सूज आली की सुजेमुळे जंतू घटले, हे कोडं अजून सुटलेलं नाही. शिवाय त्या कॅप्सुलमध्ये बहुतेक लॅक्टोबॅसिलसच्या जातीचे जंतू असतात. ते ब्युटिरेट करत नाहीत आणि आतड्यात कायमची वस्तीही करत नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिसला असल्या कॅप्सुल संशोधनाचा भाग म्हणूनच द्याव्यात, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली म्हटलंय. घ्यायच्याच असतील तर घ्या, पण गोळी सोडून नव्हे.

गोळी बरं वाटत असतानाच जास्त कामाची असते. रक्त थांबलं तरी आतली सूज रेंगाळते, आणि डोस तोडला की आव पुन्हा पडायला लागते. रोजचे २.४ ग्रॅम डॉक्टरांनी ठरवलेत, ते तेवढेच ठेवा. दोनदा घ्यायचा कंटाळा येत असेल तर दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या तर चालेल का, हे त्यांना विचारा. बहुधा हो म्हणतील. गोळी चावू नका, कुटू नका. तिच्यावरचं आवरण लहान आतड्याच्या शेवटाला विरघळावं असं केलेलं असतं. ते फुटलं की औषध वरच शोषलं जातं, खाली सूज तशीच.

एनिमाची, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायच्या त्याच औषधाची, लाज नको. तुमची सूज डाव्या बाजूला आहे, तिथे तोंडाने घेतलेल्या गोळीपेक्षा तो सरळ पोचतो. झोपण्याआधी शौचाला जाऊन या, बाटली चांगली हलवा, टोकाला थोडं व्हॅसलीन लावा. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्या आणि बाटली हळूहळू दाबा. घाईने दाबलं की लगेच कळ येते आणि औषध बाहेर पडतं. अर्धा तास तरी त्याच कुशीवर राहा, रात्रभर राहिलं तर उत्तम. आई, खाली जुनी चादर घाल, डाग निघत नाहीत. पाकीट फोडलं की औषध हवेने काळवंडतं. गडद तपकिरी झालेली बाटली फेकून द्यायची.

आता पेज. त्रास वाढलेला असताना उकड्या तांदळाची मऊ पेज मीठ घालून, मुगाचं वरण, तिखट नसलेली माशाची कढी, एवढंच बरं. ओलं खोबरं, फणसाची भाजी, काकडी तेव्हा नको. पण पोट शांत झाल्यावरही वर्षभर पेजेवरच राहिलात तर ज्या जंतूंची काळजी करताय तेच उपाशी राहतील. दुधी, लाल भोपळा, केळं, मग कुळथाची पिठी, असं एकेक वाढवा; एका वेळी एकच, म्हणजे काय बाधलं ते कळेल. ताक सोसत असेल तर खुशाल प्या, ते जेवण आहे, औषध नाही.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको. या गोळ्यांनी आतड्याचं अस्तर दुखावतं आणि दुखणं उसळू शकतं. पॅरासिटामॉल चालेल. पावसाळ्यात जुलाब लागले तर घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका: चांगले जंतूही मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाब करणारा वाईट जंतू माजू शकतो. आधी शौचाची तपासणी करायची. जुलाब थांबवायची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. सूज जोरात असताना ती घेतली तर आतडं फुगू शकतं.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, असं दिसलं तर ‘मूळव्याध असेल, उष्णता असेल’ म्हणत बसू नका. त्याच दिवशी रत्नागिरीला दाखल व्हा.

एरवी दर काही महिन्यांनी शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी करा, आतली सूज त्यातून कळते. ५० च्या आत असेल तर छान. २५० च्या वर गेलं तर लक्षणं नसली तरी आत सूज असण्याची शक्यता मोठी, डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिनही बघायचं, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, कारण क्वचित ही गोळी मूत्रपिंडाला बाधते. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा तेही लिहून घ्या, आणि कागदाचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक