सुटलेल्या तासाचा भाव काढा

महोदय,

‘थोडा खर्च स्वतःवरही करा’ हा सल्ला हल्ली पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून सारखा कानावर येतो. सल्ला चुकीचा नाही. पण घरखर्च, हप्ते आणि मुलांच्या क्लासची फी जाऊन महिन्याला तीन-चार हजारच हाती उरत असतील, तर ते घालायचे कशावर? पोळ्यांना बाई लावावी, जिम धरावी, समुपदेशकाकडे जावे, की दुखऱ्या पाठीसाठी फिजिओथेरपिस्ट गाठावा? चारही एकदम परवडत नाहीत. मग ज्याची सवलत संपत आलेली असते तेच घेतले जाते आणि तीन महिन्यांनी माणूस तितकाच दमलेला असतो.

आधी आजार आणि दमणूक वेगळे करायला हवे. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, असे असेल तर डॉक्टरच गाठला पाहिजे. तिथे घरकामाला बाई लावून भागणार नाही. गंमत म्हणजे जिथे खिसा रिकामा होण्याची भीती वाटते, तिथेच मुंबईत सर्वांत कमी पैसे लागतात. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे आणि केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. खर्च होतो तो वेळेचा. सकाळची रांग, अर्ध्या दिवसाची रजा, आणि दर खेपेला तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नाही. रजा मिळत नसेल तर सुरुवात १४४१६ वर फोन करून करावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

खासगीत जाताना पाटी नीट वाचावी. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर. औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. ‘लाइफ कोच’ ही पाटी लावायला मात्र कोणतीच पदवी लागत नाही. पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: साधारण किती सत्रे लागतील, आणि गुण येतोय की नाही हे कितव्या सत्राला तपासायचे? बारा सत्रांचे पैसे आगाऊ मागत असतील तर नको म्हणावे. पाच-सहा सत्रांनंतर आढावा घेऊन पुढचे ठरवावे. ऑनलाइन सत्र स्वस्त पडते खरे, पण वन रूम किचनमध्ये सासूबाई समोर बसलेल्या असताना पाऊण तास मोकळे बोलणार कुठे? गच्चीची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात असते आणि जिन्यात आवाज घुमतो. जागेचा प्रश्न सुटत नसेल तर जास्त पैसे देऊन प्रत्यक्ष जाणेच शेवटी स्वस्त पडते.

पाठीचेही थोडे असेच आहे. दहा-दहा सिटिंगच्या पॅकेजमध्ये मशीन लावून पडून राहण्याचा वेळच जास्त असतो. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल थेरपी हे मशीनचे उपचार देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. भर व्यायामावर दिला आहे. म्हणून दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिकून घ्यावा, करताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा आणि महिन्याने एकदा दाखवून यावे. पायात मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरकडे जावे.

आजार नाही, नुसती दमणूक आहे, असे ठरले की हिशेब सोपा होतो. त्या पैशांनी वेळ विकत घ्यायचा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ६० नोकरदारांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शनिवार-रविवारी ४० डॉलर वस्तूंवर आणि दुसऱ्या वेळी ४० डॉलर वेळ वाचवणाऱ्या सेवेवर खर्च करायला दिले होते. वेळ वाचवला त्या दिवशी माणसे जास्त समाधानी होती. आपल्याकडे प्रश्न असा की, वेळ वाचवायचा कोणाचा? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. म्हणून कामाची मिनिटे ती कामे करणाऱ्या व्यक्तीनेच लिहावीत. बाकीच्यांचा अंदाज चुकतो, आणि चुकतो तो एकाच बाजूला.

एक आठवडा कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, कोणत्या कामाला किती मिनिटे लागली आणि ती किती वाजता लागली हे लिहावे. चौघांच्या घरात रात्रीच्या बारा पोळ्या धरू. कणीक मळायला १० मिनिटे, लाटणे-भाजणे २५, ओटा-पोळपाट आवरायला १०. एकूण पाऊण तास. (कणीक मुरण्याचा वेळ धरू नये, तेवढ्यात भाजी होते.) महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेएकोणीस तास. पोळ्यांच्या बाईंचा पगार २,००० असेल तर तासाला साधारण १०३ रुपये पडले असे वाटते. तसे ते नाही. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा असतो, म्हणजे वर्षाचे तेरा पगार, २६,००० रुपये. गणपतीची आणि मे महिन्याची गावची सुट्टी मिळून एक महिना गेला, म्हणजे काम अकरा महिन्यांचे, २३४ नव्हे तर २१४ तासांचे. खरा भाव तासाला १२१ रुपये. केर-लादीचे १,२०० धरून आणि रोजचा अर्धा तास मोजून हाच हिशेब केला तर १०९ येतात. दर बिल्डिंगगणिक वेगळे असतात. इथले आकडे फक्त रीत दाखवायला.

मग केर-लादी स्वस्त म्हणून तीच लावावी का? बहुतेक घरांत नाही. लादी एक दिवसाआड पुसली तरी कोणाचे काही अडत नाही. पोळ्यांचा पाऊण तास मात्र नेमका तेव्हा येतो, जेव्हा ७:१०ची लोकल पकडून आलेली घरची बाई अजून पर्सही खाली ठेवत नाही, मुलाचा गृहपाठ बाकी असतो आणि सगळ्यांना भूक लागलेली असते. त्या तासाला बारा रुपये जास्त मोजायला हरकत नसावी.

अडचण वेगळीच येते. पोळ्यांच्या बाई सहा वाजता येणार आणि दार उघडायला घरी कोणी नाही, तर तो वेळ सुटतच नाही. अशा घरांनी पोळी-भाजी केंद्र विचारात घ्यावे. दहा रुपयांची पोळी धरली तर बारा पोळ्यांचे १२० रुपये. रोजचे परवडणार नाही, पण महिन्यातले सर्वांत धावपळीचे दहा दिवस घेतले तर १,२०० रुपयांत साडेसात तास सुटतात. तासाला १६० पडतात, पण बोनस नाही, खाडा नाही आणि नको त्या दिवशी घ्यायची सक्ती नाही. इस्त्रीवाल्याचा हिशेबही करून पाहावा: ४० कपडे, दर कपड्याला चार मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासही होत नाहीत. सुटणारा वेळ थोडा, पण इस्त्री रात्री अकराला होत असेल तर तोही मोलाचा.

बिघडते कुठे, तर बाई लावल्यावर सुटलेला पाऊण तास दुसरे काम किंवा मोबाइल गिळून टाकतो. त्यामुळे तो वेळ कशात जाणार हे आधी ठरवावे: साडेदहाला अंथरुणावर पडणे, किंवा जेवणानंतर अर्धा तास चालणे, काहीही. दुसरे म्हणजे देखरेख. गेटवरच्या अ‍ॅपचा फोन घ्या, किल्ली शेजारी ठेवा, ‘बाई आल्या का?’ विचारा, हे सगळे एकाच व्यक्तीच्या डोक्यावर राहिले तर हात सुटतात, डोके सुटत नाही. भांड्यांना बाई लावताना सोसायटीचे पाणी किती वाजता येते ते आधी पाहावे. पाणी गेल्यावर आलेल्या बाई भांडी तशीच ठेवून जाणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. पगारात घासाघीस करून दोनशे वाचवले तर दोन महिन्यांत नवी बाई शोधावी लागते, तो वेळही मोजायला हवा. महिन्याला चार भरपगारी रजा, बोनस आणि बदली बाई कोण, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण घराघरांतला करार आजही तोंडीच असतो.

जिमबद्दल थोडक्यात. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. अमेरिकेतल्या जिम-सदस्यांवरच्या २००६ च्या अभ्यासात, महिन्याची फी भरणाऱ्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती, आणि तिथेच दहा फेऱ्यांचा पास १० डॉलर फेरीने मिळत होता. एक महिना घ्यावा, ट्रेनरकडून पाच-सहा वेळा व्यायामाची पद्धत शिकून घ्यावी, आणि बिलावर जीएसटी किती लावलाय ते पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वरून ५ टक्के झाला आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारायला अजून तरी पैसे पडत नाहीत.

एका वेळी एकच मदत सुरू करावी, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. उपयोग झाला की नाही हे पाहायला वेगळी परीक्षा लागत नाही. गणपतीला बाई गावी जातात, त्या आठवड्यात पुन्हा कालनिर्णयच्या चौकटीत लिहावे. पोळ्यांवरून दोनदा भांडण झाले आणि लादी कोणी पुसली नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही, तर बाई परत आल्यावर त्यांचे कोणते काम ठेवायचे ते तिथेच लिहिलेले असते.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई