गोळ्या नकोत, तेल, निंबोळी वापरा, पण नेमक्या रीतीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तूर-हरभरा घरात आला की कोठीत टाकायच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात त्या ठेवूच नयेत. त्यांची सुटी विक्री बंद झालीच पाहिजे.

घरगुती साठ्याला वनस्पतींचे उपाय पुरतात. ते फसतात ते बहुधा चुकीच्या वापरामुळे. हिरवा कडुनिंबाचा पाला पोत्यात घातला की धान्याला ओल लागते आणि बुरशी धरते. पाला सावलीतच वाळवावा, कारण उन्हाने त्यातले अॅझाडिरॅक्टिन हे कीड रोखणारे द्रव्य नासते. तसेही खरा जोर निंबोळीच्या गरात असतो, पाल्यात तो फार थोडा.

खाण्याच्या कडधान्याला तेल सर्वांत चांगले. भुंगा शेतातल्या वाळत्या शेंगांवरच अंडी घालतो आणि तसाच घरी येतो. कोठीत त्याची अंडी दाण्याला चिकटलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. तेलाच्या थराने ती गुदमरतात. मात्र अळी एकदा दाण्यात शिरली की तेल तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून धान्य वाळताच, महिनाभर न थांबता, तेल लावावे. दाणा दाताखाली 'कट्' वाजला पाहिजे. धान्य पूर्ण निवू द्यावे. गरम भरले तर कोठीला घाम येतो. मग दहा किलोला ५० मिली एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल, थोडे थोडे घेऊन, प्रत्येक दाणा चमकेपर्यंत तळहाताने चोळावे. क्विंटलभर धान्यावर एकदम तेल ओतले की निम्मे दाणे कोरडे राहतात आणि भुंगा तिथेच वाढतो.

गहू-ज्वारीतल्या सोंड्यांची गोष्ट वेगळी. मादी दाणा पोखरून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. तिथे पाला घालून आतली अळी मरत नाही. आधी वाळवण आणि चाळणच हवी.

जुना बारदाना हे किडीचे घर. एक किलो निंबोळी पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, पोती त्यात १५ मिनिटे बुडवून सावलीत खडखडीत वाळवावीत. अर्क त्याच दिवशी संपवावा.

धान्यात बिब्बे ठेवण्याची चाल आहे. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते. लहान मुले असलेल्या घरात तो टाळलेलाच बरा.

बियाण्याला क्विंटलमागे एक ते दोन किलो निंबोळी गराची पूड किंवा एक किलो वेखंड पूड चोळता येते. हे फक्त पेरणीसाठी. निंबोळीने धान्य कडू होते आणि वेखंडातील बीटा-असॅरोन शरीराला घातक आहे. त्यामुळे अशा पोत्यावर ठळक खूण करावी आणि पेरून उरलेले बियाणे डाळीसाठी गिरणीत नेऊ नये.

आपला,
एक वाचक, जि. लातूर