मालवणच्या होडीत ज्येष्ठांचाही विचार व्हावा
महोदय,
दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतील असंख्य कुटुंबे आंबोली घाट उतरून मालवणला जातात आणि बंदरावरून होडीने कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला गाठतात. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू केले, त्या दुर्गावर भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी पाहून माझ्या सत्तरीतील आईने हात जोडले, तो क्षण मी विसरणार नाही. मात्र होडीत चढताना तिचे जे हाल झाले, तेही विसरता येत नाहीत. ओहोटीमुळे होडी धक्क्यापेक्षा बरीच खाली होती, पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, धरायला दोरही नव्हता, आणि जीवरक्षक जाकिटे होडीत असूनही ती कोणी बांधायला सांगितली नाहीत. खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून होडी सफाईने नेणाऱ्या नाखवांच्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. तरीही धक्क्यावर कठडा बसवावा, भरती-ओहोटीच्या वेळा व परतीच्या शेवटच्या होडीची वेळ ठळक फलकावर लिहावी आणि जाकीट बांधल्याखेरीज होडी सोडू नये, अशी कळकळीची विनंती आहे.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव