पोलीस ठाण्यातल्या एका निवृत्त हजेरी मेजरांचे जाहीर आभार

मेजर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव छापलंत तर पुन्हा पायरी चढणार नाही" असं तुम्ही बजावलंय, आणि तुम्ही बोलल्यासारखे वागता हे प्रशिक्षणाच्या तीन तुकड्यांत पाहिलंय. आभार मात्र चारचौघांतच मानणार. आपल्या पोलीस खात्यात अंमलदाराचा, म्हणजे शिपाई-हवालदाराचा, कसुरी रिपोर्ट झाला, चुकीचा लेखी ठपका बसला, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोलीस लाईनीत कळतं. शाबासकी मिळाली तर ती सेवापुस्तकात जाऊन बसते, आणि सेवापुस्तक कुणी वाचत नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर. नात मोबाईलवर वाचून दाखवेल तेव्हा "कशाला, कशाला" करू नका.

प्रशिक्षण संस्थेवर बदली झाली तेव्हा मला जे फोन आले ते जवळजवळ सांत्वनाचे होते. "वर्षभर काढा मॅडम, मग बघू." ठाणं नाही, विभाग नाही, म्हणजे माणूस बाजूला पडला अशी आपली समजूत. माझीही होतीच, खोटं कशाला बोलू? आणि हातात काम आलं ते निरीक्षक-उपअधीक्षकांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचं. आयपीएस अधिकाऱ्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत सेवेच्या मधल्या टप्प्यांवरचे वर्ग 2010 पासून भरतात. पण सामान्य माणसाची पोलिसांशी गाठ पडते ती ठाण्यात, आणि ठाणं चालवतो निरीक्षक. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेली, दंगली, खून, मोर्चे सगळं पाहिलेलं. अशा माणसाला कुणी शिकवायला उभं राहिलं की तो हाताची घडी घालून मागच्या बाकावर सरकतो.

पहिल्या तुकडीचे हाल तुम्ही पाहिले नाहीत, बरं झालं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेले, त्यामुळे निम्मे तास त्यांनीच खाल्ले. झडती-जप्तीचं चित्रीकरण, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ, हे शिकवावंच लागतं, तक्रार नाही. उरलेल्या वेळात नेतृत्व. व्यवस्थापनाचे एक शिक्षक आले, चांगले होते बिचारे. त्यांनी खेळ घेतला: बोट बुडते आहे, दहा माणसं आहेत, जागा सहांना, कुणाला वाचवाल? मागून एक निरीक्षक म्हणाले, "सर, हद्द कुणाची?" वर्ग हसला आणि तिथेच संपला. दुपारच्या जेवणानंतर अर्धे डोळे मिटून, अर्धे दाराबाहेर फोनवर. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. चोवीसच्या चोवीस जणांनी 'उत्कृष्ट'वर खूण केली. वरिष्ठाने विचारल्यावर दुसरं काय लिहिणार? एकानेच मोकळ्या जागेत शब्द खर्च केले होते: "जेवण चांगले होते."

माझ्या टेबलावर तेव्हा गोरे समितीच्या अहवालाची झेरॉक्स होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. एम. एस. गोरे अध्यक्ष, 1971 मध्ये नेमणूक, 1973 मध्ये अहवाल. नुसता कायदा आणि कवायत शिकवून भागणार नाही, पोलिसाची वृत्ती घडवायला हवी, असं त्यात पन्नास वर्षांपूर्वी सांगितलंय. मी तिथे पेन्सिलने रेघ मारली होती. रेघ मारून पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या तुकडीच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तेही माझ्याकडे नाही. कँटीनमधून तेलाचा डबा घ्यायला आला होता, आणि तुकडीत तुमचे एक जुने साहेब आहेत असं कळल्यावर त्यांना भेटायला वर्गाबाहेर थांबलात. बाहेर ऊन म्हणून मीच आत बसा म्हणाले. पाऊण तास मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलात. निघताना जिन्यात थांबून म्हणालात, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. यांना बोटी नका देऊ. ड्युटी लावायला द्या."

मला आधी कळलंच नाही. मग तुम्ही सांगितलंत, नोकरीतली शेवटची चौदा वर्षं तुम्ही वेगवेगळ्या ठाण्यांत हजेरी मेजर होता. उद्या कोण ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत, कोण कोर्टात, कोण समन्स-वॉरंटला, कोण कैद्यांची ने-आण करणाऱ्या पार्टीला, कोण 112 च्या गाडीवर, कोण रात्रपाळीला, हे रोज संध्याकाळी लिहिणारा माणूस. ठाण्यात साहेबाला घाबरत नाहीत इतकं हजेरी मेजरला घाबरतात, हे मला माहीत होतं. त्या वहीत काय असतं ते मात्र एवढ्या नोकरीत मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. सही केली होती, हजारदा.

दोन दिवसांनी तुम्ही एक ठाणं घेऊन आलात. लांब वहीवर हाताने आखलेलं, गाव खोटं, बाकी सगळं खरं. मंजूर संख्याबळ 64, पटावर 51. त्यातले चार मुख्यालयात संलग्न, दोन प्रशिक्षणाला, तीन आजारी रजेवर, एक बाळंतपणाच्या रजेवर. उद्या गणपती विसर्जन, सकाळी मंत्र्यांचा दौरा, कोर्टात तीन साक्षी. प्रत्येक अधिकाऱ्याला एक तक्ता दिलात आणि म्हणालात, "साहेब, उद्याची ड्युटी लावा. वेळ चाळीस मिनिटं. काही विचारायचं असलं तर मी इथंच आहे."

चोवीस जण कामाला लागले. पहिल्यांदाच त्या वर्गात एकही फोन वाजला नाही. हुशार माणसं आहेत ती. तासाभराच्या निरोपावर हजारोंचा बंदोबस्त लावलेली. अर्ध्या तासात तक्ते तयार, काहींनी तर सेक्टर पाडून, राखीव तुकडीसकट. तुम्ही ते भिंतीवर लावलेत. मग खिशातून रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढलात. 51 चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक अनुक्रमांक.

अनुक्रमांक 12: लागोपाठ तीन रात्री झाल्यात. अनुक्रमांक 19: आईचं डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार. अनुक्रमांक 26: मुलगी दहा महिन्यांची, नवरा राज्य राखीव दलात, बाहेरगावी. अनुक्रमांक 33: दारू सोडून चाळीस दिवस झालेत, रात्री एकटा ठेवू नये. अनुक्रमांक 41: या वस्तीत याचं सासर, दगड पडले तर याला ओळखतील. अनुक्रमांक 8: मागच्या विसर्जनाला सलग सव्वीस तास उभा होता, अजून बदली सुट्टी दिलेली नाही.

तुम्ही एकेक चिठ्ठी वाचत गेलात आणि प्रत्येकीनंतर भिंतीकडे नुसतं पाहिलंत. तेहतीस नंबरला सोळा तक्त्यांत रात्रीचा एकटा पॉइंट, म्हणजे एकट्याने उभं राहायची जागा, होती. मग विचारलंत, "मी इथंच बसलो होतो साहेब. कुणी विचारलं का नाही?" चोवीसातल्या दोघांनी विचारलं होतं. एकीने रात्रपाळ्यांचं, एकाने आजारपणाचं.

एक साहेब चिडले. कोण ते सांगत नाही, आज त्यांचाच फोन मला सगळ्यात जास्त येतो. "ही हजेरी मेजरची कामं आहेत, निरीक्षकानं हे करत बसायचं तर तपास कुणी करायचा?" तुम्ही उभे राहिलात, सवयीने सावधानमध्ये, आणि म्हणालात, "साहेब, लिहितो मी. सही तुमची असते."

त्या दिवशी चहाची सुट्टी कुणी घेतली नाही.

पुढे तुम्ही दर शनिवारी यायला लागलात, एसटीने, स्वतःच्या खर्चाने. मी गाडी पाठवते म्हटलं तर "मग तुमच्या ड्रायव्हरची शनिवारची सुट्टी कोण भरून देणार?" असं विचारून मलाच गप्प केलंत. दरबाराचा, म्हणजे साहेबाने अंमलदारांची गाऱ्हाणी ऐकण्याचा, सराव तुमचाच. तुम्ही रजा मागणारे शिपाई झालात, समोर खरा निरीक्षक बसवला, आणि मला घड्याळ लावून बसवलंत. साहेब नऊ मिनिटं बोलले. रजा मागणारा बोलला पस्तीस सेकंद, त्यातही दोनदा "होय साहेब". आकडे मी फळ्यावर लिहिले. कुणी काही बोललं नाही आणि तुम्हीही त्यावर काही बोलला नाहीत. ही गोष्ट मी तुमच्याकडून उशिरा शिकले. मी असते तर तिथे वीस मिनिटं भाषण केलं असतं.

आठ तासांच्या ड्युटीवर वाद झाला तोही आठवतो. "माणसं नाहीत, आठ तास जमणारच नाहीत," असा सगळ्यांचा एक सूर. तुम्ही देवनारची गोष्ट काढलीत. 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यातले अंमलदार रवींद्र पाटील यांनी आहे त्याच माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसतात याची मांडणी करून तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढे ठेवली, त्यांनी ती त्याच ठाण्यात करून बघायला सांगितली, आणि पुढे ती मुंबईभर नेली. "हिशोब अंमलदारानं केला होता साहेब. आयुक्तांनी बसून ऐकला." पुढे ती व्यवस्था बंदोबस्ताच्या काळात कुठे कुठे ढासळते तेही तुम्हीच सांगितलंत, लपवलं नाहीत, म्हणून वर्गाने ऐकून घेतलं.

आता माझ्यापुरतं एक. गर्दीच्या नियोजनाचा तास मी घेत होते. 27 ऑगस्ट 2003, नाशिकचा कुंभ, रामकुंडाच्या वाटेवरच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी, 39 मृत्यू. नकाशा, बॅरिकेड, येण्याचा मार्ग, जाण्याचा मार्ग, सगळं नीट शिकवत होते. पुढच्या कुंभाला यातल्या किती तरी जणांना उभं राहायचंय. तास संपल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "मॅडम, तुम्ही स्वतः शेवटच्या पॉइंटवर कधी गेलात?"

मी उत्तर दिलं नाही तेव्हा. आता देते. एकदा गेले होते, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, तेही उशिरा. यात्रेचा बंदोबस्त, जागा सांगत नाही. पहाटे पाचला माणसं उभी केली होती. शेवटच्या पॉइंटवरचा शिपाई दुपारी तीनला चक्कर येऊन पडला, तेव्हा बिनतारीवर निरोप आला आणि मी गेले. त्याच्या शेजारी जेवणाचं पाकीट होतं, नुकतंच पोचलेलं, भाजी आंबलेली. पाणी सकाळीच संपलेलं. त्याने ते दहा वाजता कळवलं होतं. निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही, कारण पाण्यासारख्या गोष्टीसाठी मॅडमना त्रास द्यायचा नाही असं मधल्या तिघांनी ठरवलं होतं. आणि तसं त्यांना वाटावं अशीच मी वागत होते. अहवालात मी लिहिलं, "उष्म्यामुळे." तो शिपाई बरा झाला. मी त्याला पुन्हा भेटले नाही.

तुमच्या त्या प्रश्नानंतर आम्ही तुकडीला खऱ्या बंदोबस्तावर नेलं, पाहणीला नव्हे, उभं राहायला. साध्या कपड्यांत प्रत्येकाला एकेक शेवटचा पॉइंट. पाकिटं कधी येतात, लघवीला कुठे जायचं, बाईमाणसाने कुठे जायचं, बदली माणूस येतो का, वरून कुणी विचारतं का, एवढंच लिहून आणायचं. संध्याकाळी परतलेली ती माणसं मी विसरणार नाही. उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी ओट्यावर बसून बूट काढत होता आणि कुणाशी बोलत नव्हता.

याचा उपयोग किती झाला, हे मला मोजता येत नाही. काही जण परत गेले आणि पहिल्यासारखेच वागताहेत, तेही कानावर येतं. दोन वर्षंही एका जागी राहू न देता बदली होते तिथे नव्या सवयी कुठवर टिकणार? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये ठाणेदाराला किमान दोन वर्षं द्या म्हटलंय. त्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण मराठवाड्यातल्या एका निरीक्षकांचा मागच्या महिन्यात फोन आला. म्हणाले, "मॅडम, पाकिटांची गाडी आता शेवटच्या पॉइंटपासून उलटी फिरवतो. गाडीवाला वैतागलाय."

तुमच्या मानधनाचं मात्र अजून अडलंय, त्याची लाज वाटते. लेखा शाखेला अतिथी व्याख्यात्याची शैक्षणिक पात्रता हवी आहे. तुम्ही रकान्यात लिहून दिलंत, "दहावी पास. हजेरी लिहिणे, 14 वर्षे." फाईल दोनदा परत आली. पदनामाच्या रकान्यातही त्यांना शंका, कारण तुम्ही आधीची सगळी पदं लिहिलीत आणि पोलीस नाईक हे शिपाई आणि हवालदार यांच्या मधलं पद तर 2022 मध्येच रद्द झालंय. तुमच्या नोकरीतली किती वर्षं त्या पदावर गेली ते मी टिपणीत लिहिलंय, जरा लांबच लिहिलंय. मिळेल. नाही मिळालं तर मी आहे.

तुमचा चष्मा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वहिनींनी पाठवलेला डबाही धुऊन ठेवलाय, रिकामा परत करायचा नाही म्हणून थांबलाय.

आणि एक काम आहे. पुढची तुकडी सोमवारी येते. काल चिठ्ठ्या मोजल्या तर पन्नासच भरल्या, 37 नंबरची सापडत नाही. वर्ग झाडून घेतला, वहीची पानं चाळली. त्या अंमलदाराचं काय होतं ते मला आठवत नाही. फोनवर सांगा, मी लिहून घेते.

तुमची,
कोर्सच्या मॅडम