रायफलची बॅरल कायदेशीर लांबीपेक्षा आखूड करून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. मालक,
(गनस्मिथ विभागाच्या कामासंबंधी)

महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या ग्राहकसेवेला याबद्दल इंग्रजीत लिहिले होते. "आमचे प्रत्येक काम तपासूनच बाहेर पडते" असे छापील उत्तर आले. रायफल द्यायला मी आलो तेव्हा काउंटरवर आपण स्वतः होतात, मूळचे कोल्हापूरचे निघालात आणि स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकावर आपल्या छान गप्पा झाल्या. म्हणून आता थेट आपल्यालाच, मराठीत लिहीत आहे.

तुमच्या वर्कशॉपने परत दिलेल्या माझ्या .३०८ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलची बॅरल, वेल्ड केलेला फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारा तुकडा) धरूनही, १५.९ इंच भरते. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने ती किमान १६ इंच हवी. फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे आणि तुमच्या टेक्निशियनला तो फोनवर "किरकोळ" वाटला. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टला तो किरकोळ वाटत नाही. सोळाच्या आत आली की ती 'शॉर्ट बॅरल रायफल', आणि नोंदणी नसताना ती जवळ बाळगली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काम काय सांगितले होते ते तुमच्याच वर्क ऑर्डरवर आहे. मूळ बॅरल २२ इंची. मी टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीला जातो, तीही बहुतेक रात्री. मेस्किटच्या झुडपांतून चालताना आणि गाडीतून उतरताना एवढी लांब नळी सारखी अडकते. शंभर यार्डांच्या आतल्या नेमासाठी कापलेल्या प्रत्येक इंचामागे गोळीचा पंचवीसेक फूट प्रति सेकंद वेग गेला तरी बिघडत नाही. फ्लॅश हायडर तर हवाच होता. साधी १६ इंची बॅरल ठेवून त्यावर तो चढवला असता तर लांबी पुन्हा साडेसतराच्या पुढे गेली असती. म्हणून ठरले की बॅरल १४.५ इंचांवर कापायची, आटे पाडायचे, हायडर चढवून त्यातून आंधळी (आरपार न जाणारी) पिन मारायची आणि पिनेच्या डोक्यावर वेल्डिंग करायचे. असा कायमचा बसवलेला हायडर बॅरलच्या लांबीत धरला जातो, हे आपल्याला मी सांगायला नको.

हायडर २.२५ इंची आहे, पण त्यातला ०.६ इंच भाग आट्यांवर चढतो आणि बॅरलच्याच पोटात जमा होतो. म्हणजे बाहेर उरतो १.६५. साडेचौदात तो मिळवला की १६.१५ होतात. हा हिशेब मी काउंटरवर कागदावर मांडून दिला होता, तो कागद वर्क ऑर्डरला टाचलेला आहे. तुमच्या टेक्निशियनचे पहिले आटे बिघडलेले दिसतात, कारण ऑर्डरवर पेनाने 'री-कट, १४.२५' असा शेरा आहे. चुकले तर चुकले, लेथवर कोणाचेही चुकते. त्याच वेळी मला फोन करायचा होता. त्याऐवजी त्याने १४.२५ मध्ये हायडरची डब्यावर छापलेली पूर्ण लांबी मिळवली, खाली '१६.५, ओके' लिहिले आणि सही ठोकली. आट्यांवर चढलेला भाग दोनदा मोजला गेला. तयार बॅरल कोणी मोजलीच नाही. मोजली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

मी मोजली. मॅगझिन काढले, चेंबर रिकामा असल्याची खात्री केली, बोल्ट बंद केला आणि हायडरच्या तोंडातून सरळ लाकडी दांडी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत आत घातली. हायडरच्या कडेशी दांडीवर ब्लेडने खूण केली, दांडी बाहेर काढली आणि व्हर्नियर लावला. पुन्हा पुन्हा केले तरी आकडा तोच. सरकारी खातेही असेच मोजते. व्हिडिओ सोबत जोडला आहे.

पिनेचे काम त्याहून वाईट आहे. वेल्डचा ठिपका ग्राइंडरने इतका घासला आहे की काळ्या रंगाखाली पिनेची गोल कड अर्धी उघडी दिसते. नख फिरवले तर अडकते. डोके पुरते झाकलेले नसेल तर जोड 'कायमचा' कसा धरायचा? आणि तो कायमचा नाही असे उद्या कोणी म्हटले, तर माझी बॅरल १५.९ चीही राहत नाही, सव्वाचौदाची होते.

फोनवर सुचवले गेले की १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे, तेव्हा 'फॉर्म १ भरून टाका'. कर गेला, नोंदणी गेलेली नाही. आणि फॉर्म १ म्हणजे असे शस्त्र बनवण्याआधी करायचा नोंदणीचा अर्ज, तो मंजूर झाल्यावर बॅरल कापायची असते. कापून झाल्यावर अर्ज करणे म्हणजे वरातीमागून घोडे, तेही स्वतःच्या गुन्ह्याची लेखी कबुली पाठीवर घेऊन! ग्राहकाला असला सल्ला देणाऱ्या माणसाला फोनवर बसवू नका.

मी अजून ग्रीन कार्डवर आहे. बेकायदा शस्त्र बाळगल्याची शिक्षा झाली तर कैद भोगून प्रकरण मिटत नाही, देशातून हकालपट्टी होऊ शकते. १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शस्त्राचे जे वैशिष्ट्य ते बेकायदा ठरवते, ते आरोपीला ठाऊक होते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. व्हर्नियर वाचला त्या क्षणापासून मला ठाऊक आहे. रूबी रिजचे प्रकरणही (१९९२ मध्ये आयडाहोत रँडी वीव्हरच्या घराला फेडरल अधिकाऱ्यांनी घातलेला वेढा) कापलेल्या नळीच्या दोन शॉटगन विकल्याच्या आरोपातूनच सुरू झाले होते. मी कोणी वीव्हर नाही, पण इंचाच्या अंशांना हे सरकार किती गांभीर्याने घेते ते आपल्या धंद्यात सर्वांना माहीत आहे. चूक तुमच्या लेथवर झाली आणि कोठडी माझ्या वाट्याला, ही चोर सोडून संन्याशाला सुळी झाली.

रायफल बॅरल-नट पद्धतीची असल्याने वकिलाच्या सल्ल्याने बॅरल अ‍ॅक्शनपासून (बोल्ट बसतो त्या मुख्य भागापासून) वेगळी केली आहे. ती आता वकिलाच्या ऑफिसात आहे, अ‍ॅक्शन माझ्या तिजोरीत.

'जास्त लांब हायडर लावून देतो' हा तुमचा तोडगा मला मान्य नाही. आधीची पिन मिल करून काढायची म्हणजे एकदा बिघडून पुन्हा पाडलेल्या आट्यांनाच परत भोक पाडायचे. मला त्याच मेकची नवी २२ इंची बॅरल आणि नवा हायडर हवा. काम ठरल्याप्रमाणे व्हावे, आणि बंद बोल्टपासून प्रत्यक्ष मोजलेली लांबी बिलावर सहीनिशी लिहून मिळावी. आधीची मजुरी आणि वकिलाची फीही परत हवी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास न्यायालयाचा मार्ग वकिलाने तयार ठेवला आहे.

शिवाय, त्याच टेक्निशियनने डब्यावरचा आकडा मिळवून आणखी कोणाकोणाच्या ऑर्डरवर 'ओके' लिहिले आहे, ते कृपया आजच्या आज काढा आणि त्या लोकांना फोन करा. त्यांना अजून पत्ताही नसेल.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
टेक्सास, फेब्रुवारी २०२६

सोबत: वर्क ऑर्डर व टाचलेल्या हिशेबाची प्रत, मोजमापाचा व्हिडिओ, वेल्डचे जवळून काढलेले फोटो, वकिलाच्या फीची पावती.