खंदक फौजेच्या मागे कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ड्रॅगन उडतात, मेलेली माणसे चालतात, तिथे तर्क कसला शोधता?’ ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेत मेलेल्यांची फौज विंटरफेल किल्ल्यावर चालून येते; त्या लढाईचा विषय निघाला की पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर हे वाक्य कुणीतरी टाकतोच आणि बोलणे तिथेच खुंटते. ते खुंटू नये म्हणून हे पत्र. एप्रिल २०१९मध्ये आलेल्या या ८२ मिनिटांच्या भागावर चाहते अजून हिरिरीने वाद घालतात, आणि तो वाद अगदी रास्त आहे.

ड्रॅगनला कुणाचीच हरकत नाही. कथेने स्वतः घातलेले नियम कथेने पाळावेत, एवढीच मागणी आहे. प्रेतांना साधे पोलाद पुरे पडत नाही. आग लागते किंवा ड्रॅगनग्लास, म्हणजे काचेसारखा काळा दगड. प्रेतांचा राजा नाइट किंग, त्याने हात वर केले की रणात पडलेले सगळे उठून त्याच्या बाजूला जातात; हे पाचव्या पर्वात हार्डहोमच्या किनाऱ्यावर आपण पाहिले. तो संपला की त्याची फौज संपते. म्हणून तर आदल्या रात्री बेत ठरतो, की नाइट किंग ज्याच्या मागावर आहे त्या ब्रॅनला देवराईत आमिष म्हणून बसवायचे आणि राजा तिथवर येईपर्यंत किल्ला झुंजवायचा.

म्हणजे ही लढाई फक्त लांबवायची होती. आणि इथला हिशेब नेहमीच्या लढाईचा नाही. आपला एक स्वार पडला की आपल्यातला एक जातो आणि त्यांच्यात एक वाढतो. शंभर पडले की तफावत दोनशेची होते. अशा शत्रूपुढे एकेक माणूस राखणे हाच पहिला डावपेच.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहा. सर्वांत पुढे दोथराकी या भटक्या टोळ्यांचे घोडदळ. त्यामागे ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकणारी अजस्र गोफणयंत्रे. मग अनसलीड, म्हणजे राणी डेनेरिसचे कसलेले भालाईत, आणि उत्तरेचे पायदळ. पायदळाच्या पाठीशी लाकडी मेखांचा खंदक आणि शेवटी तट. राजगड-सिंहगडाच्या वाऱ्या करणाऱ्यांना यातला उलटेपणा सांगावा लागत नाही. आधी अडथळा, अडथळ्यावर तटावरून मारा, मग तट, आणि तट गेला तर हटायला आत आणखी एक जागा, असा किल्ल्याचा क्रम असतो. राजगडाची संजीवनी माची आठवा. चिलखती बुरूज, दुहेरी तटबंदी, एकामागून एक टप्पे. आणि माची गेलीच तर वर बालेकिल्ला शिल्लक. विंटरफेलला असे टप्पे करायला जागा होती, वेळही होता.

ट्रेबुशेचा दगड कमानीने जातो, तो तटावरून सहज पलीकडे पडतो. इंग्लंडमधल्या वॉरिक किल्ल्यासाठी आपल्या काळात बांधलेले असे यंत्र १८ मीटर उंच आणि २२ टन वजनाचे आहे. एवढे धूड शत्रू अंगावर आल्यावर मागे ओढता येत नाही. त्याची जागा तटाच्या आत, चौकात. पुढे उभे केल्यामुळे मोजक्या फेका झाल्या आणि यंत्रे हातची गेली.

खंदकाचे दुखणे याहून मोठे. अडथळा शत्रूला थोडाच वेळ थांबवतो. त्या वेळात त्याच्यावर मारा झाला तरच त्याचा उपयोग. इथे तो स्वकीयांच्या पाठीशी असल्यामुळे आधी अडकले ते स्वकीयच. मागे हटणारे पायदळ अरुंद वाटांवर कोंडले आणि त्यांना आत येता यावे म्हणून अनसलीड बाहेर उभे राहून मेले. मग पेटवायची वेळ आली. किल्ल्यावरून डॅव्होस हा सरदार मशालींनी खूण करतो, हिमवादळात ड्रॅगनवरच्या डेनेरिसला ती दिसत नाही. जळते बाण लागूनही मेखा धरत नाहीत. शेवटी मेलिसांद्रे ही मांत्रिक पुजारीण मेखेवर हात ठेवून मंत्र म्हणत राहते, तेव्हा कुठे आग लागते. तिचे येणे तर कुणाच्याच बेतात नव्हते! मेखांच्या बुडाशी वाळके गवत आणि राळेत भिजवलेल्या चिंध्या, बर्फाची ओल लागू नये म्हणून वर कातडी, आणि ठरावीक अंतरावर निखाऱ्यांची झाकलेली शेगडी घेऊन एकेक माणूस नेमलेला. कुठल्याही सावध किल्लेदाराने एवढी तजवीज केली असती. त्यानंतर प्रेते स्वतःला आगीवर झोकून देतात आणि त्यांच्या अंगावरून बाकीची पलीकडे येतात. हा प्रसंग मात्र अस्सल आहे, कारण तो शत्रूच्या स्वभावातून आला आहे. ज्याला मरणाचे भय नाही, तो असेच करणार.

घोडदळाच्या हल्ल्याचे समर्थन मला करताच येत नाही. घोडदळाच्या धडकेचा निम्मा परिणाम भीतीचा असतो. फळी मोडते ती बहुतेक वेळा माणसे बिचकतात म्हणून. प्रेते बिचकत नाहीत. त्यात रात्र, पुढची जमीन न पाहिलेली, आणि तलवारी पेटल्या त्याही मेलिसांद्रे ऐनवेळी आली म्हणून. ती आली नसती तर साध्या पोलादानिशी हे स्वार अंधारात काय करणार होते, याचे उत्तर कथेत नाही. कुणी म्हणेल, १६६५मध्ये पुरंदरावरून मुरारबाजी देशपांडेही बाहेर पडलेच की. पडले, पण सभासद बखर सांगते त्याप्रमाणे निवडक सातशे माणूस घेऊन, थेट दिलेरखानाच्या रोखाने, आणि मागे किल्ला झुंजता ठेवून. त्यांना लक्ष्य होते. दोथराकींना लक्ष्यच दिलेले नव्हते.

तरीही त्या पेटत्या तलवारी दूरवर एकेक करून विझत जातात, ते दृश्य या संपूर्ण भागातले सर्वोत्तम आहे आणि ते गमावावे असे मला वाटत नाही. शे-दोनशे स्वारांची टेहळणी तुकडी मशाली देऊन पाठवली असती, तरी तीच शांतता आणि तोच थरकाप मिळाला असता. बाकीचे घोडदळ बगलेला राखून ठेवता आले असते. शिवाय पडद्यावर जवळजवळ सगळे स्वार गेलेले दाखवून पुढच्या भागात फौज निम्मी उरल्याचा हिशेब मांडायची वेळ आली नसती.

तळघराबद्दल थोडक्यात. मेलेल्यांना उठवणाऱ्या शत्रूपासून वाचवायला बायकामुलांना थडग्यांमध्ये ठेवले. जुने सांगाडेही उठतात, हे चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात बर्फाखालून हात बाहेर आले तेव्हाच कळले होते. निदान ड्रॅगनग्लासचे भाले दिलेले दोन डझन पहारेकरी तरी आत हवे होते. पानिपतावर बिनलढाऊ माणसांचा भार फौजेला किती जड गेला, ते पुण्याला नव्याने सांगायला नको.

जिथे टीका चुकते, तेही सांगायला हवे. शेवटी ब्रॅनची बहीण आर्या खंजिराने नाइट किंगला मारते; ती ‘कुठून तरी उपटली’ हा आक्षेप मला मान्य नाही. तो खंजीर तिला सातव्या पर्वाच्या चौथ्या भागात मिळतो, आणि ब्रिएन या लढवय्या स्त्रीशी सराव करताना एका हातातून सोडून दुसऱ्या हाताने झेलण्याचा डावही ती त्याच भागात दाखवते. उरतो प्रश्न ती देवराईत पोहोचली कशी याचा. त्यासाठी तो भाग नीट दिसायला हवा. हे चित्रीकरण ५५ रात्रींचे आणि मुद्दाम अंधारे आहे. इंटरनेटवरून येताना चित्र दाबले जाते, तेव्हा काळ्याच्या जवळजवळच्या छटा एक होतात आणि पडद्यावर चौकटी-चौकटी दिसतात. खोलीतले दिवे बंद करा. टीव्हीचे चित्र ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि ॲपमधली डेटा बचत काढून टाका. मग नाइट किंग ब्रॅनसमोर उभा असताना मागच्या रांगेकडे लक्ष ठेवा. एका व्हाइट वॉकरच्या, म्हणजे त्याच्या बर्फाळ सरदाराच्या, गालावरचे केस क्षणभर हलतात. त्याच क्षणी आर्या त्याच्या शेजारून धावत गेलेली असते.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक, पुणे